घरातली मराठी बंद करू का?

हे आपल्या या वेळच्या एपिसोडचं लिखित रूप. ज्यांचा डेटा संपलाय, ज्यांचे इयरफोन हरवलेत किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले निम्मे 'म्हणजे कसंय ना' काढून टाकलेत. ऑडिओत मागे हॉर्न ऐकू येतील, त्याला इलाज नाही. आमचं घर गुलमंडीत आहे. इथे शांतता रात्री साडेअकरानंतर मिळते, आणि तोवर मला झोप आलेली असते.

तर विषय. मागच्या नोव्हेंबरमध्ये एका रात्री ताईचा फोन आला. ताई, भाऊजी आणि त्यांचा मुलगा फ्रान्समध्ये तुलूझ शहरात राहतात. भाऊजींची नोकरी तिकडे, विमानांच्या सॉफ्टवेअरमध्ये. भाच्याला आपण इथे छोटू म्हणू, कारण मोठा झाल्यावर त्याने हा एपिसोड ऐकला तर मला शिव्या पडायला नकोत. छोटू तेव्हा सहा वर्षांचा. फ्रान्सला जाऊन नऊ महिने झालेले.

ताई रडत होती. शाळेत बोलावलं होतं. बाई म्हणाल्या, छोटू वर्गात बोलत नाही, सूचना दिल्या की शेजारच्याच्या वहीत बघतो, वाचनात मागे आहे. आणि शेवटी म्हणाल्या, "घरी पण फ्रेंचच बोलत चला." ताईने मला एकच प्रश्न विचारला, "मी त्याच्याशी मराठी बंद करू का रे?"

फोन स्पीकरवर होता. आई शेजारी भाजी निवडत बसली होती. ती काहीच बोलली नाही. पण तिच्या नातवाला मराठी आली नाही तर तिच्याकडे त्याच्याशी बोलायला दुसरी भाषा नाही, हे मला, ताईला आणि तिला, तिघांनाही कळलं.

मी कम्प्युटरवाला माणूस, बीटेक. शिक्षणतज्ज्ञ नाही. पण त्यानंतरच्या सहा महिन्यांत आम्ही घरादाराने जे वाचलं, विचारलं, चुकलो आणि शिकलो, ते आज सांगतो. तुमचं कोणी फ्रान्सला नसेल. पण मराठी घरातलं मूल इंग्रजी शाळेत गप्प बसलंय, असं एक तरी घर तुमच्या गल्लीत असणारच. गोष्ट तीच आहे.

आधी फ्रान्सची शाळा समजून घेऊ

फ्रान्समध्ये २०१९ पासून वयाच्या तिसऱ्या वर्षापासून शिक्षण सक्तीचं आहे. तीन ते सहा 'माटेर्नेल', म्हणजे आपली बालवाडी. मग सहाव्या वर्षी 'सेपे', म्हणजे पहिली, आणि तिथून प्राथमिकची पाच वर्षं. छोटू गेल्या फेब्रुवारीत पोचला. बालवाडीचे शेवटचे चार-पाच महिने मिळाले आणि सप्टेंबरमध्ये थेट पहिलीत.

आता पहिली म्हणजे तिथे वाचनाचं वर्ष. मुलांना वाचायला शिकवणं हेच त्या वर्षाचं मुख्य काम. सप्टेंबरमध्येच देशभर पहिलीच्या मुलांची चाचणी होते, मध्यावर पुन्हा होते. म्हणजे ज्या वर्षी सगळा वर्ग वाचायला शिकत होता, त्याच वर्षी आमचा छोटू वाचायला आणि ती भाषा बोलायला, दोन्ही एकदम शिकत होता. बाकीच्या मुलांना 'शा' हे अक्षर जुळवून मांजर आठवतं, कारण तो शब्द त्यांच्या कानात तीन वर्षं आहे. छोटूने अक्षरं जुळवली तरी त्या आवाजाला डोक्यात मांजरच नाही. त्याने बरोबर वाचलं तरी त्याला ते कळत नाही. बाहेरून दिसतं, 'वाचता येत नाही.'

आमची चूक

ताईने मला प्रश्न विचारला होता, पण उत्तराची वाट पाहिली नाही. कोण पाहील? शाळेने सांगितलंय, शाळेला जास्त कळतं. दुसऱ्या दिवसापासून घरात फ्रेंच चालू. भाऊजींची फ्रेंच ऑफिसपुरती, ताईची भाजीबाजारापुरती. दोघं मोडकंतोडकं बोलायचे आणि छोटू ऐकायचा.

तीन आठवड्यांत घर शांत झालं. ताईचंच वाक्य सांगतो. "आधी शाळेतून आला की जिन्यातूनच बडबड सुरू असायची. आता मी विचारते, आज काय केलं? तो म्हणतो, 'रियँ'. काही नाही." ताईला त्याला रागवायचं असलं तरी शब्द सापडेनात, आणि लाड करायचे असले तरी सापडेनात. फ्रेंचमध्ये "अरे माझ्या राजा" कसं म्हणायचं, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

आणि इकडे आईच्या लक्षात आलं. व्हिडिओ कॉलवर छोटू हो-नाही एवढंच बोलत होता. आईने विचारलं, "काय खातोयस?" त्याने वाटी कॅमेऱ्यासमोर धरली. बोलला नाही. फोन ठेवल्यावर आई मला म्हणाली, "त्याला फ्रेंच आली नाही, अन् मराठी गेली. मग पोराजवळ राहिलं काय?"

हे मला कुठल्याही लेखात इतकं स्पष्ट वाचायला मिळालं नाही.

बग कुठल्या थरात आहे?

आमच्या कामात काही बिघडलं की पहिला प्रश्न असतो, बिघाड नेमका कुठे आहे? स्क्रीनवर चूक दिसते म्हणून स्क्रीनच दुरुस्त करत बसलो तर आठवडा जातो आणि चूक आत डेटाबेसमध्ये असते. मुलाचंही तसंच. 'शाळेत मागे पडतो' हे स्क्रीनवरचं लक्षण. आत किमान तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

एक, नवी भाषा अजून पुरेशी आलेली नाही. हा आजार नाही, याला वेळ लागतो. दोन, भाषा येतेय पण त्या भाषेची अक्षरं आणि आवाज यांची जोडी बसत नाहीये. याला सराव लागतो. तीन, खरोखरची अडचण आहे: ऐकू कमी येणं, नजर कमी असणं, बोलण्याच्या विकासात उशीर किंवा डिस्लेक्सिया. याला तज्ज्ञ लागतो.

हे तिन्ही वर्गात सारखंच दिसतं. वेगळं कसं करायचं? सगळ्यात सोपी चाचणी घरात होते: तीच अडचण मुलाच्या पहिल्या भाषेतही आहे का? भाषेच्या विकासात मुळातच अडचण असेल तर ती दोन्ही भाषांमध्ये दिसते. फक्त शाळेच्या भाषेत दिसत असेल, तर ती बहुतेक नवी भाषा शिकण्याचीच गोष्ट आहे.

आईने ही चाचणी तिच्या पद्धतीने केली. तिने छोटूला ससा-कासवाची गोष्ट सांगितली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मी विसरले रे, तू सांग." पहिल्या दिवशी तो अडखळला. चौथ्या दिवशी त्याने पूर्ण गोष्ट सांगितली, क्रमाने, आणि कासवाच्या पाठीवर स्वतःच्या मनाने एक दप्तर पण चढवलं. गोष्टीचा क्रम, कारण, परिणाम, सगळं जागेवर. डोकं ठीक होतं. कान आणि डोळे तरीही ताईने डॉक्टरकडून तपासून घेतले. ते करायचंच. घरची चाचणी ही दिशा दाखवते, निदान करत नाही.

दोन भाषांनी मूल गोंधळतं का?

ही भीती जुनी आहे. १९२३ मध्ये डी. जे. सेअर यांनी वेल्समधल्या मुलांचा अभ्यास करून सांगितलं की द्विभाषिक मुलं बुद्धीच्या चाचणीत मागे पडतात. बरीच वर्षं लोक तेच धरून बसले. नंतर लक्षात आलं की घरची परिस्थिती, गाव-शहर हा फरक त्यात नीट धरलेला नव्हता. १९६२ मध्ये कॅनडातल्या माँट्रिऑल शहरात एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी दहा वर्षांच्या मुलांवर अभ्यास केला. या वेळी आर्थिक परिस्थिती सारखी धरली. फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही नीट येणारी मुलं मागे तर नव्हतीच, पुढे होती. दोन भाषांचा फायदा नक्की किती, यावर आजही वाद चालतो. पण 'दोन भाषांमुळे मूल मागे पडतं' हे काही पुन्हा उभं राहिलं नाही.

मला सगळ्यात उपयोगी पडले ते जिम कमिन्स. कॅनडातले संशोधक. १९७९ च्या सुमारास त्यांनी एक फरक मांडला. खेळताना, डबा खाताना बोलायची भाषा वेगळी आणि धडा, गणित, कारणं समजून घ्यायची भाषा वेगळी. पहिली साधारण दोन वर्षांत येते. दुसरीला पाच ते सात वर्षं लागू शकतात. म्हणून कधीकधी उलटी फसगत होते. मूल मैदानात फाडफाड बोलतं, आणि मग सगळे म्हणतात, 'भाषा तर येते, मग अभ्यासात का मागे? आळशी आहे.' आळशी नसतं ते. दुसरी भाषा अजून तयार होत असते.

छोटूला नऊ महिने झाले होते. हिशोब तुम्हीच करा.

कमिन्स यांचं दुसरं म्हणणं असं की दोन्ही भाषांच्या खाली समजेचा पाया एकच असतो. 'बाष्पीभवन' ही गोष्ट एकदा मराठीत कळली की ती पुन्हा शिकायची नसते, फक्त नवं नाव चिकटवायचं असतं. म्हणजे घरातली मराठी ही फ्रेंचची जागा खात नाही. ती फ्रेंचला बसायला पाट मांडून देते.

मग बाई असं का म्हणाल्या?

मला त्या बाईंचा राग आला होता, खोटं नाही सांगत. नंतर थोडा निवळला. फ्रान्समध्ये भाषा हा नाजूक विषय आहे. १८८१-८२ मध्ये ज्यूल फेरी यांच्या काळात शिक्षण मोफत, सक्तीचं आणि धर्मनिरपेक्ष झालं. आणि ते फ्रेंचमध्येच. ब्रेतॉन, ऑक्सितान या घरच्या भाषा शाळेत बोलणाऱ्या मुलांच्या गळ्यात काही ठिकाणी लाज वाटावी म्हणून लाकडी खूण अडकवायचे. १९९२ मध्ये तर संविधानातच लिहिलं गेलं की प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे. एवढ्या इतिहासातून आलेल्या शाळेत 'घरी फ्रेंच बोला' हा सल्ला द्वेषाने येत नाही, सवयीने येतो.

गंमत म्हणजे छोटू राहतो ते तुलूझ हे ऑक्सितानचंच शहर. तिथल्या मेट्रोत आज स्टेशनची नावं फ्रेंचनंतर ऑक्सितानमध्ये पण पुकारतात. जी भाषा एकेकाळी मुलांच्या तोंडून काढली, ती आता स्पीकरमधून परत घातली जातेय. ताईने हे मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, आपण मधला शंभर वर्षांचा फेरा वाचवू.

आजोबांची उर्दू शाळा

आता जरा गुलमंडीत या. हे मला आईने त्याच आठवड्यात सांगितलं.

आपलं शहर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. राज्यकारभाराची भाषा उर्दू. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये सुरू झालं ते उर्दू माध्यमाचं. आपल्याकडे मराठीतून शिकायची सोय व्हावी म्हणून लोकांनी धडपडून संस्था काढल्या. सरस्वती भुवन १९१५ ची, त्याच धडपडीतली. पण सगळ्यांना तिथे जाता आलं नाही. माझे आजोबा सरकारी उर्दू शाळेत गेले. घरात मराठी, चौकात दखनी, शाळेत पुस्तकी उर्दू. आणि एका वर्षी गणितात नापास झाले.

ज्या मुलाला मछली खडकच्या कापडाच्या दुकानात पावकी-दिडकी तोंडपाठ, वाराचा हिशोब बोटावर, तो गणितात नापास! कारण पेपरात होतं जमा, तफरीक, जर्ब, तकसीम. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार त्याला येत होते. त्यांची नावं येत नव्हती. मग त्यांच्या थोरल्या भावाने एक केलं. गणित मराठीत सोडवून घ्यायचं, आणि मग तेच उर्दूत म्हणायला लावायचं. पुढच्या वर्षी पास. आजोबा म्हातारपणी सुद्धा पैसे मराठीत मोजायचे आणि शेजाऱ्यांशी उर्दूत शेर-शायरीवर वाद घालायचे. एका भाषेने दुसरीला ढकललं नाही.

खरं तर आपल्या भागाला हे सांगायलाच नको. आपल्या दखनीतलं 'नक्को' हे मराठीतलं 'नको' आहे. इथली पोरं दुकानात तीन भाषा बोलतात आणि कोणी त्यांना डॉक्टरकडे नेत नाही.

मग आम्ही काय केलं

आता कामाचं. क्रमाने सांगतो.

पहिलं, मराठी परत चालू. पूर्ण वाक्यात. 'शूज घाल, बॅग घे' एवढी मराठी नाही, तर 'आज वर्गात कोण रडलं, का रडलं, मग बाईंनी काय केलं' अशी मराठी. विचार करायला लावणारी. मध्ये फ्रेंच शब्द आले तर येऊ द्यायचे. "आई, मला गूते दे" म्हणाला तर गूते द्यायचा. गूते म्हणजे तिथला साडेचारचा खाऊ. भाषा मिसळणं हा गोंधळ नाही, आपण सगळे दिवसभर तेच करतो.

दुसरं, बाईंशी पुन्हा भेट, पण तयारीने. ताईने तीन प्रश्न लिहून नेले. तो कुठल्या कामात अडतो: ऐकण्यात, वाचण्यात की लिहिण्यात? पुढच्या दोन आठवड्यांत वर्गात काय विषय येणार आहेत? आणि शाळेत कोणती मदत मिळू शकते? पहिल्या भेटीत ताई आरोपीसारखी बसली होती. या वेळी बाईंनीच वही उघडून दाखवलं की तोंडी गणितात तो पुढे आहे, शाब्दिक उदाहरणात अडतो. आजोबाच की!

मदतीचं थोडं सविस्तर, कारण परदेशातले ऐकणारे पण आहेत. फ्रान्समध्ये नव्याने आलेल्या, फ्रेंच न येणाऱ्या मुलांसाठी २०१२ च्या परिपत्रकानुसार खास वर्ग असतात, त्यांना यूपीई-२-ए म्हणतात. मूल नेहमीच्या वर्गातच असतं, पण ठरावीक तास फ्रेंच शिकायला वेगळं बसतं. प्राथमिकला आठवड्याला किमान नऊ तास असं परिपत्रक म्हणतं. प्रत्येक शाळेत हा वर्ग नसतो, म्हणून विचारावं लागतं. छोटूच्या शाळेत नव्हता, पण विचारल्यावर एक फिरत्या शिक्षिका आठवड्यातून दोनदा यायला लागल्या. याशिवाय वर्गशिक्षक चार-पाच मुलांना शाळेच्या वेळेबाहेर वेगळं घेतात, त्याला आपेसे म्हणतात. आणि अडचण खोल वाटली तर 'राझेद' नावाचं पथक असतं, त्यात विशेष शिक्षक आणि शाळेचे मानसशास्त्रज्ञ असतात. ऑर्तोफोनिस्त म्हणजे वाचा-भाषातज्ज्ञ. त्यांच्याकडे जायची वेळ आली तर मूल घरी कोणती भाषा बोलतं आणि ती कशी बोलतं, हे आधी सांगायचं. फक्त फ्रेंचवरून मोजमाप झालं तर मुलाची अर्धी पुंजी मोजायचीच राहते.

तिसरं, सूचनांचे शब्द. हे मला सगळ्यात आवडलेलं. छोटूच्या वहीतली चुकलेली पानं ताईने मला फोटो काढून पाठवली. आम्ही बसून बघितलं तर निम्म्या ठिकाणी त्याला उत्तर येत होतं, काय करायचंय ते कळलं नव्हतं. 'एंतूर' म्हणजे गोल कर. 'सूलीन्य' म्हणजे खाली रेघ मार. 'रली' म्हणजे जोड्या लाव. 'बार' म्हणजे काट मार. 'कोश' म्हणजे चौकटीत खूण कर. पहिलीच्या वहीत हेच दहा-बारा शब्द फिरून फिरून येतात. ताईने ते चित्रांसह एका कागदावर काढून फ्रिजवर लावले. दोन आठवड्यांत शेजारच्याच्या वहीत बघणं कमी झालं. मी तोवर अ‍ॅप बनवत होतो, फ्लॅशकार्डवालं, आवाजासकट. छोटूने ते दोन दिवस वापरलं. कागद अजून फ्रिजवर आहे.

चौथं, धड्याच्या आधी मराठी. बाईंकडून विषय कळले की ते आईकडे यायचे. फ्रान्समध्ये बुधवारी दुपारी शाळा नसते. हिवाळ्यात तिकडचे दोन म्हणजे आपले साडेसहा. आईचा दिवा लावून व्हायचा आणि तुलूझला कॉल. या आठवड्यात 'झाडाची पानं का गळतात', तर आई मराठीत सांगणार. सोमवारी तो विषय वर्गात आला की छोटूला फक्त शब्द नवे, गोष्ट ओळखीची. तुम्ही भाषांतर झालेला सिनेमा आधी मूळ भाषेत बघितलेला असला की कसं सोपं जातं, तसं.

पाचवं, रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचन. फ्रान्समध्ये प्राथमिकला लेखी गृहपाठ १९५६ पासून नियमाने बंद आहे, पण वाचायला पान देतात. ताईचे उच्चार कच्चे, म्हणून ती शिकवायच्या भानगडीत पडली नाही. ती विद्यार्थी झाली आणि तो मास्तर. फ्रेंचमध्ये लिहितात खूप आणि वाचतात कमी. 'ते बोलतात' याचं क्रियापद लिहिताना शेवटी तीन अक्षरं जास्तीची, उच्चारात एक नाही. ताई ती वाचायची आणि छोटू खूश होऊन ओरडायचा, "आई, ते मुकं आहे!"

मराठीमुळे जे सोपं गेलं

याच्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. फ्रेंचमध्ये प्रत्येक वस्तूला लिंग असतं. टेबल स्त्रीलिंगी, पुस्तक पुल्लिंगी. इंग्रजीतून येणारा माणूस इथे कपाळाला हात लावतो. मराठी पोराला त्यात नवल नाही, त्याच्याकडे 'तो, ती, ते' तीन आहेत. आणि बाईंना 'तुम्ही', मित्राला 'तू' हे त्याला घरूनच येतं.

अवघड काय गेलं? अक्षर. आपण अक्षरं वरच्या रेघेला टांगतो, ते खालच्या रेघेवर उभी करतात, तीही वळणदार जोडून. ताईने त्याला दोन्ही शिकवायची घाई केली नाही. देवनागरी सध्या फक्त नावापुरती.

आणि आकडे! फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे 'साठ-दहा', ऐंशी म्हणजे 'चार-वीस', नव्व्याण्णव म्हणजे 'चार-वीस-दहा-नऊ'. पहिलीत शंभरपर्यंत आकडे असतात. भाऊजी वैतागले होते. आई हसली. म्हणाली, "माझी आजी ऐंशीला चार विसाच म्हणायची." आणि आपले तरी कुठे सोपे? एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचायची पद्धत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या डॉ. मंगला नारळीकर तेव्हा हेच समजावत होत्या की लहान मुलाला गणितापेक्षा आकड्यांची नावंच अडवतात. पद्धत पटो न पटो, अडचण खरी आहे. आम्ही छोटूला वीस-वीस शेंगदाण्यांचे चार ढीग करायला लावले. चार-वीस. झालं.

आता कुठे आहोत

जानेवारीच्या चाचणीत छोटू वाचनात अजून सरासरीच्या खालीच होता. हे लपवत नाही. चाचणीचा कागद बघून ताईचा आवाज पुन्हा बारीक झाला होता. पण बाईंनी खाली हाताने लिहिलं होतं की तो आता वर्गात बोट वर करतो आणि कळलं नाही तर विचारतो. मला तो शेरा आकड्यांपेक्षा मोठा वाटतो. ज्याला 'कळलं नाही' म्हणता येतं, त्याला शिकवता येतं. पाच-सात वर्षांच्या रस्त्यावर आम्ही सव्वा वर्ष चाललोय.

मार्चमध्ये बाईंनी त्याला फळ्यावर त्याचं नाव मराठीत लिहायला लावलं. मग सगळ्या वर्गाला आपापली नावं तशी लिहून हवी होती. देवनागरी नावापुरतीच शिकलेल्या छोटूने घरी येऊन आईला फोन लावला, कारण त्याला 'झ' कसा काढायचा ते आठवत नव्हतं आणि वर्गात एक मुलगा 'झ' चा होता. आईने तवा गॅसवरून उतरवला आणि कॅमेऱ्यासमोर 'झ' काढून दाखवला. सहा वेळा.

तर तुमच्या घरात किंवा शेजारी असं गप्प झालेलं मूल असेल, तर त्याला 'इंग्लिशमध्ये बोल' म्हणायच्या आधी त्याच्या भाषेत एक गोष्ट सांगा आणि दुसऱ्या दिवशी ती परत मागा. काय येतं ते ऐका. कान-डोळे तपासा. शाळेत जाऊन विचारा की नेमकं कुठे अडतं. आणि घरातली भाषा चालू ठेवा. मूल दिवसभर परक्या भाषेत धडपडून घरी येतं, तेव्हा त्याला निदान तिथे पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे.

आज बुधवार आहे. आता उन्हाळा, तिकडची घड्याळं एक तास पुढे गेलीत, म्हणून कॉल साडेपाचला असतो. खालून आई हाका मारतेय. आजचा विषय आहे 'बी कसं रुजतं', तिने सकाळीच वाटीत मटकी भिजत घातलीय. मी निघतो. पुढच्या एपिसोडला भेटू.